मुंग्या नसलेलं चित्र

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बातम्यांसाठी मुलाच्या मोबाईलमध्ये डोकवायचं नाही, म्हणून डिजिटल अँटेना आणला. जन्मभर गवंडीकाम केलेलं, तेव्हा गच्चीवर पाण्याच्या टाकीहून उंच पाईप उभा केला तोही ओळंबा लावून. अँटेनाचं तोंड डोंगरावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे केलं आणि खाली टीव्हीसमोर बसवलेल्या मुलाला हाक मारली, "सुभाष, आलं का रे?"

"आलं, बाबा. उतरा आता, हाडं मोडाल."

उतरून पाहतो तर पडदा काळा. सुभाषचा अंगठा मोबाईलवर फिरत होता. त्यानं मानही वर केली नाही.

हाच सुभाष लहानपणी, मी वर जुना अँटेना फिरवायचो तेव्हा, पडद्याला नाक लावून बसायचा. "अजून मुंग्या आहेत, बाबा. थोडं डावीकडे. गेल्या, गेल्या... परत आल्या." तेव्हा चित्र हळूहळू बिघडायचं. मुंग्या वाढल्या की कळायचं, बोटभर फिरवलं की भागायचं. डिजिटलला मुंग्या नाहीत. असतं तेव्हा लख्ख असतं, जातं तेव्हा सगळंच जातं. आम्हा बापलेकांत मात्र मुंग्या असणार, बरीच वर्षं असणार. मीच कधी पाहिल्या नाहीत. चित्र आहे असं धरून चाललो.



दुसऱ्या दिवशी सकाळी लांब वायर जोडून टीव्हीच गच्चीवर नेला. डोळे पडद्यावर ठेवून स्वतःच पाईप फिरवला. चित्र लख्ख आलं. आलं, हे खाली कुणाला सांगितलं नाही.