मुलाखतीची तालीम

पहिल्याच मुलाखतीत चिंगीची बोलती बंद झाली.

घरी, शेजारी, कॉलेजात सगळे तिला चिंगीच म्हणायचे. खरं नाव दाखल्यापुरतं. एरवी ती बोलायला लागली की आई कानांवर हात ठेवायची. एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा तिने चांगल्या मार्कांनी केला होता. शिकाऊ म्हणून सरकारी इस्पितळात पेशंटच्या रांगाच्या रांगा हातावेगळ्या केल्या होत्या. पण त्या मोठ्या खासगी इस्पितळात टेबलापलीकडे बसलेली तिघं दिसली आणि तिला आपलं नावही धड सांगता येईना.

"खुब्याचं हाड मोडलेला म्हातारा पेशंट आहे. कुशीवर वळता येत नाही. बाजूने फोटो कसा काढाल?" मधल्या डॉक्टरांनी विचारलं.

हे तिने कितीदा तरी केलं होतं. हातांना सगळं ठाऊक होतं, पण हातांना कोण विचारतंय? तिने पुस्तकातली एक व्याख्या धडाधडा म्हणून टाकली, तीही भलत्याच धड्यातली. उजवीकडचे गृहस्थ घड्याळाकडे पाहायला लागले. "ठीक आहे, कळवू," डॉक्टर म्हणाले. ते काही कळवणार नाहीत हे बाहेरच्या शिपायालाही तिच्या चेहऱ्यावरून समजलं असावं, कारण त्याने न मागता तिला पाणी आणून दिलं.

घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून पडली. संध्याकाळी बाबा आले. ते एका छापखान्यात ऑफसेट मशीन चालवायचे. लग्नाआधीपासून तिथेच होते. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "त्यात घाबरायचं काय? ती काय वाघ आहेत? उद्यापासून तालीम. मी साहेब, तू उमेदवार."

दुसऱ्या दिवसापासून खरंच तालीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बाबा, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, आणि समोर चिंगी. ती दारावर टकटक करून आत यायची. बाबा मुद्दाम कागद चाळत राहायचे, तिच्याकडे पाहायचेच नाहीत.

"असं कोणी करतं का बाबा?" ती वैतागून म्हणायची.

"करतात. माणसाला उभं ठेवून कागद वाचत बसतात. तू आपली शांतपणे उभी राहा."

आई भाजी चिरता चिरता हसायची. चिंगीलाही मजा वाटायला लागली. बाबांना इतकं सगळं कसं सुचतं याचं तिला नवल वाटायचं. जन्मात एकदाच मुलाखत दिलेला माणूस, आणि प्रश्न मात्र असे, की कालच ऐकून आल्यासारखे.

मग एका संध्याकाळी बाबा जरा जास्तच रंगात आले. "तुमच्या निम्म्या वयाचा साहेब असला तर चालेल का तुम्हाला?"

चिंगी फिसकन हसली. "निम्म्या वयाचा? म्हणजे शाळेतला पोरगा साहेब?"

बाबा हसले नाहीत. चष्म्यावरून कुठेतरी तिच्या खांद्यापलीकडे पाहत त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "इतकी वर्षं एकाच ठिकाणी का काढलीत? दुसरीकडे कोणी घेत नव्हतं का?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पटकन चष्मा काढून पुसायला घेतला. ओट्यावरचा सुरीचा आवाज थांबला होता.

"बाबा," चिंगी म्हणाली, "हे तुम्हाला कोणी विचारलं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. छापखाना केव्हाच विकला गेला होता. नव्या मालकाने जुनी मशीनं भंगारात काढली आणि त्यांच्याबरोबर ती चालवणारी माणसंही. बाबा तरीही रोज ठरलेल्या वेळी डबा घेऊन निघत होते आणि दिवसभर वाचनालयात बसून जाहिराती पाहत होते. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एका ठिकाणी आत गेले, दुसऱ्या ठिकाणी रांगेतली पोरं पाहून दारातूनच परत फिरले.

"मला माहीत होतं," आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "नखं पाहिली मी तुमची. इतक्या वर्षांत शाई कधी निघाली नव्हती. आता स्वच्छ आहेत."

"मग बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही रोज डबा मागत होता. मी काय बोलणार?"

चिंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मला सांगत होता, घाबरायचं काय त्यात म्हणून! स्वतः दारातून पळून आलात!" तोंडातून निघून गेलं ते गेलंच. बाबा उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. रात्री परत आले. पुढचे काही दिवस घरात सगळे कामापुरतं बोलत होते. आई डबा भरत नव्हती आणि बाबा मागत नव्हते. ते दिवसभर घरातच असायचे, आणि एवढ्याशा घरात त्यांना नेमकं कुठे बसावं हेही कळत नव्हतं.

शेवटी चिंगीलाच राहवेना. एका दुपारी ती साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसली. "या. आता तुम्ही उमेदवार."

"कशाला उगाच," बाबा म्हणाले. पण बसले.

"इतकी वर्षं एकाच ठिकाणी का काढलीत?"

ते टेबलावर बोट फिरवायला लागले. "आवडायचं मला ते काम," ते म्हणाले. "सुरुवातीचे कागद वाया जातात. एक रंग वर सरकतो, एक खाली. छापलेला चेहरा असा दिसतो, जसा फोटोत हललेला माणूस. मग थोडं इकडे, थोडं तिकडे करत जायचं. आणि एकदम एक कागद असा बाहेर येतो, की सगळं जिथल्या तिथे. तो उचलून उजेडात धरायचा. मला कंटाळा नाही आला कधी."

चिंगी पुढचा प्रश्न विचारायचं विसरली.  त्याच वेळी तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. बाबा उत्तर देत नव्हते, ते काम सांगत होते. आपण मात्र परीक्षेला बसल्यासारखे मार्क मोजत बसलो होतो.

पुढच्या मुलाखतीत, दुसऱ्या एका इस्पितळात, नेमका खुब्याचाच प्रश्न आला. तिने डोळ्यांसमोर खाट आणली. "मोडलेल्या पायाला हात लावणार नाही. चांगला पाय उचलून आधारावर ठेवीन, फिल्मची कॅसेट दुखऱ्या बाजूला उभी लावीन आणि मशीनचं डोकं आडवं करून उचललेल्या पायाखालून किरण सोडीन." एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तिथे सरळ सांगितलं, "हे मशीन मी वापरलेलं नाही. शिकावं लागेल." बाहेर आली ती जवळजवळ उड्या मारतच.

नकार आला. तिला वाटलं, आता हातपाय गाळायचे. पण दोन दिवस धुमसून तिने त्या इस्पितळात फोन केला आणि मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, मी कुठे कमी पडले?"

 "असं विचारायला कोणी फोन करत नाही," बाई म्हणाल्या. "तुझं तंत्र चांगलं आहे. पण पाय, कॅसेट, मशीन, सगळं बोललीस. त्या खाटेवर माणूस आहे आणि तो कण्हतोय, हे एकदाही तुझ्या बोलण्यात आलं नाही."

चिंगीने फोन ठेवला. बोलणं झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. रांगा हातावेगळ्या करण्याच्या नादात माणसांचे चेहरे तिने कधी नीट पाहिलेच नव्हते.

तिसरी मुलाखत एका लहानशा तपासणी केंद्रात होती, आणि त्याच दिवशी बाबांना खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात बोलावलं होतं. दोघं एकत्रच घरातून निघाले. केंद्रातल्या डॉक्टरांनी प्रश्न विचारलेच नाहीत, तिथल्या मदतनीस बाईंना टेबलावर झोपवलं आणि म्हणाले, "ह्या पेशंट. खांदा दुखतोय." चिंगी मशीनकडे गेली नाही. आधी बाईंच्या बाजूला वाकली. "मावशी, कुठे दुखतंय? हात किती उचलवतो? नाही उचलला तरी चालेल." डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, सोमवारपासून ये.

घरी पोचली तर बाबा तिच्या आधी आले होते. कपडेही न बदलता बसले होते. कारखान्यातली सगळी मशीनं कॉम्प्युटरवर चालतात, तुमच्या वयात शिकायला जड जाईल, असं तिथल्या तरुण मॅनेजरने सांगितलं होतं. फार अदबीने सांगितलं, असंही बाबा म्हणाले. ती अदबच त्यांना जास्त लागली होती.

चिंगीने आपली बातमी दाबून ठेवली. जेवायला बसल्यावर बाबांनीच विचारलं, "तुझं काय झालं?"

"बघू... कळवतील."

"खोटं बोलू नकोस. तुझा चेहरा सांगतोय."

"घेतलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाबा "वा, वा" म्हणाले, दोनदा म्हणाले, आणि ताटात पाहत राहिले. आनंद झाला होता त्यांना, खोटा नव्हता. पण त्या आनंदाच्या बाजूलाच काहीतरी बसलं होतं, आणि ते तिघांनाही दिसत होतं.

सोमवारी चिंगी निघाली तेव्हा बाबा दाढी-अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "चल, स्टॉपपर्यंत येतो." रस्ताभर ते फुटपाथवरच्या खड्ड्यांबद्दल बोलले. बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, हात हलवला. बाबांनीही हलवला. बस सुटल्यावर ते घराकडे वळतील असं तिला वाटलं होतं. ते वळले नाहीत. मागून येणाऱ्या दुसऱ्या बसची पाटी वाचत तिथेच उभे राहिले.

त्यांना काम मिळायला पुढे पुष्कळ काळ गेला. मिळालं ते एका झेरॉक्सच्या दुकानात, अर्ध्या दिवसाचं. त्याबद्दल ते घरी कधी काही बोलले नाहीत, आणि चिंगीनेही कधी खोदून विचारलं नाही.