उखा वैद्याची बदली

मी शर्टाला कॉलर लावत होतो तेव्हा हिरामणभाऊंचा मेहुणा दुकानात आला आणि उंबऱ्यातच थांबला. "मास्तर, हिरामणभाऊ गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत..." मी म्हटलं, "अहो, परवा तर इथं बसून मासिकवाल्यांना शिव्या घालत होते!" अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

हिरामणभाऊ धुळ्याकडचे, सुरतेत पांडेसऱ्यात कापडाच्या लूमवर कामाला. माझं शिलाईचं दुकान बमरोलीत. पुण्याहून एक लहानसं मासिक निघतं, गोष्ट रचून खेळायच्या खेळांचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. भाऊंना त्याचा एक अंक रद्दीत सापडला आणि आम्ही चौघं कामातून गेलो! सुट्टीच्या दुपारी माझ्या कटिंगच्या टेबलावर खेळ मांडला जाई. शेजाऱ्यांना वाटायचं जुगार चालतो. भाऊंच्या बायको, मंगलावहिनी, तर तोंडावर म्हणायच्या, "पोरं लग्नाला आली अन् बाप फासे खेळतोय!"

भाऊंचं पात्र उखा वैद्य. भित्रा, बडबड्या, कुठल्याही गावात शिरला की आधी वांग्याचं भरीत मागणारा. भाऊ स्वतः भित्रे नव्हते, पण भरताच्या बाबतीत... खोटं कशाला बोलू?

मासिकावर जीव होता म्हणूनच ते त्याच्यावर सारखे चिडायचे. नकाशा मधल्या पानावर छापा, म्हणजे गोष्ट न फाडता काढता येईल. राक्षसाचं गुपित खेळणाऱ्याच्याच पानावर कशाला छापता? राजवाडे पुरे झाले, एकदा तापीकाठचं गाव घ्या की. दर अंकानंतर असं एक कार्ड पुण्याला जायचं. मी म्हणायचो, "भाऊ, तुमच्या धाकाने संपादक गाव सोडेल एक दिवस." ते हसायचे आणि पुढचं कार्ड लिहायला घ्यायचे.

पण खरी तळमळ एकाच गोष्टीची होती. मासिकातले सगळे खेळ ठरलेली माणसं दर वेळी हजर आहेत असं धरून चालायचे. आमच्यात कुणाची दिवसपाळी, कुणाची रातपाळी, नाहीतर कुणी गावी गेलेला. खेळ मोडायचा. मग भाऊंनी लूमवरची रीत टेबलावर आणली. कामगार आला नाही तर त्याच्या मागांवर बदली उभा राहतो, तसं गैरहजर माणसाचं पात्र बदलीने चालवायचं, त्याच्याच स्वभावाने. आणि बदलीच्या हातात पात्र मरत नाही. फासा कितीही उलटा पडो, फार तर बेशुद्ध. पुढचं ज्याचं तो आल्यावर बघेल. "आपल्यासारखी पाळीवाली माणसं कितीतरी असतील मास्तर," भाऊ म्हणायचे, "त्यांच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे."

आणि एकदाचं ते छापून आलं! भाऊंच्या नावागावासकट. भाऊ सुरती मिठाईचा, घारीचा डबा घेऊनच दुकानात आले, अंक उघडला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. संपादकांनी जागेसाठी शेवटची ओळ गाळली होती, न मरण्याची. "मास्तर, मुद्दानी गोटच कापी टाकी त्यास्नी!" चिडले की त्यांच्या तोंडून अहिराणीच यायची. मग घारी खाल्ली, जरा निवळले. "सुधारतील पुढच्या अंकात," म्हणाले. शेवटच्या भेटीतही तेच चाललं होतं... पुढच्या अंकात, पुढच्या अंकात.

भाऊ गेल्यावर गेल्या सुट्टीला आम्ही तिघं पहिल्यांदाच बसलो. वहिनी फाशांची डबी परत द्यायला आल्या होत्या. आमच्यातला जगन खाली मान घालून म्हणाला, "उखाला वाघाने नेलं म्हणू या. मोकळं करू बिचाऱ्याला."

वहिनी दारातून वळल्या. "हे हजर आहेत का आज?"

"नाही, वहिनी."

"मग बदली लागेल ना? आणि बदलीच्या हातात मरतो का कुणी?"

इतकी वर्षं नावं ठेवत सगळं ऐकत होत्या तर! भाऊंच्या स्टुलावर बसल्या, फासे टाकले, आणि पडलं ते नेमकं सगळ्यात वाईट दान.

"बेशुद्ध," वहिनी ठणकावून म्हणाल्या. "शुद्धीवर आला की आधी भरीत मागेल."

आम्ही हसलो, डोळे पुसत हसलो. गाळलेली ओळ मी पुण्याला कळवली आहे. छापतील तेव्हा छापतील. डबी वहिनींनी घरी नेली नाही. माझ्या खडूशेजारी ठेवली आणि जाताना विचारलं, "पुढची सुट्टी कधी?"