लाल काच आणि अक्कांचं कुंकू

"भाऊ, फिल्म धुताना आमच्या आईचं कुंकूही धुऊन टाकलंत का?"

प्रभाकरभाऊंनी फोटो माझ्या काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नव्हता, पण चेहरा पडला होता. जळगावात माझा स्टुडिओ ज्या गल्लीत होता, तिच्याच टोकाला कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात ते मॅनेजर होते. येता-जाता रामराम व्हायचा. भांडायला येणाऱ्यांतला हा माणूस नव्हे.

फोटो मी काढलेला नव्हता. त्यांच्या आतेभावाने, विजयने काढला होता. विजय धुळ्याला इंजिनिअर. हौसेने कॅमेरा घेतलेला, आणि मुंबईहून फिल्टरचा अख्खा सेट आणलेला. आता हौसेला मोल नसतं हे खरं, पण वापर कुठे करायचा याचा थोडा विचार असावा. रोल धुवायला आणि मोठी प्रिंट काढायला माझ्याकडे आला होता इतकंच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रंगीत रोल आमच्याकडे धुतला जात नसे, तो मुंबईला पाठवावा लागे. त्यामुळे घरचे फोटो बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट.

फोटो पाचोऱ्याजवळच्या त्यांच्या शेतातल्या घरापुढचा. बाजेवर नाना, म्हणजे प्रभाकरभाऊंचे वडील. शेजारी आई, सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. मागे मुलगा, सून. वर आभाळ असं की बघत राहावं. काळंभोर, आणि त्यात कापसाच्या गाठी फोडून ठेवल्यासारखे पांढरे ढग. घरातले सगळे एरवी दिसतात त्याहून दोन छटा गोरे आले होते. मी प्रिंट काढली तेव्हा त्या ढगांवरच खूश झालो होतो.

अक्कांच्या कपाळावर मात्र काही नव्हतं. बंद्या रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई, आणि कपाळ कोरं.

प्रभाकरभाऊ मग बाकावर बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं. नानांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या आठवड्यातच मुंबईला न्यायचं होतं, डॉक्टरांनी उशीर करू नका असं बजावलं होतं. जायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो असावा, असं घरात कुणीतरी म्हणालं. का असावा ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. फोटो घरी आला, हातोहात फिरला, शेवटी अक्कांकडे गेला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मनं कुकू कोठे गयं?"  तेव्हापासून त्यांनी एकच धरून ठेवलं होतं: हा कौल आहे, नाना मुंबईला जाणार नाहीत. नानांना पोटदुखीने घास जात नव्हता, आणि बॅग भरून पडली होती.

"ब्रशने एक टिकली काढून द्या," प्रभाकरभाऊ म्हणाले. "नवीन प्रिंट आली म्हणून सांगतो."

रिटचिंगचं ते काम मला चुटकीसरशी झालं असतं. पण मी विचारलं, अक्का फसतील का? त्यांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला. मग म्हणाले, नाही फसणार, हे कुंकू वरून लावलंय हे ती लगेच ओळखेल.

मी निगेटिव्ह काढली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जे खरं काळं, ते तिथे काचेसारखं स्वच्छ. कुंकू गडद, म्हणजे कपाळावर एक स्वच्छ ठिपका दिसायला हवा. भिंग लावून पाहिलं, ठिपका नव्हता. म्हणजे माझ्या धुण्यात काही गेलं नव्हतं. फिल्मपर्यंत कुंकू पोचलंच नव्हतं. माझ्यावरचा आळ टळला, पण कोडं जास्तच अवघड झालं. कारण मागे उभ्या असलेल्या मंगलावहिनींची, म्हणजे प्रभाकरभाऊंच्या बायकोची टिकली ठसठशीत आली होती. अक्कांच्या मनाला तेच जास्त लागलं होतं. सुनेचं आहे, आपलंच गेलं.

मला आता चैन पडेना. भिंग घेऊन मी फोटोचा कोपरा न् कोपरा बघायला लागलो. निंबाखाली एक पांढराफटक दगड दिसला.

"हा चुना लावलेला दगड कसला?"

"चुना कुठला? तो आमचा मारुती. शेंदराचा आहे."

शेंदराचा मारुती पांढरा! माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. मी विचारलं, वहिनींच्या टिकलीचा रंग कोणता होता? त्यांनी आठवून सांगितलं, हिरवा. साडीला जुळणारी.

खात्री करायला धुळ्याला फोन लावला. विजय लाइनवर आला. फोटो काढताना लेन्सवर लाल फिल्टर होता का, एवढंच मी विचारलं.

"होता ना," तो उत्साहाने म्हणाला. "ढग कसे आलेत, पाहिलंत?"

पाहिले होते म्हटलं, चांगलेच पाहिले होते.

फिल्टर म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायची रंगीत काच. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तिचा नियम सोपा आहे. काच ज्या रंगाची, तो रंग फोटोत फिका पडतो आणि विरुद्ध रंग काळा होतो. पिवळी काच निळं आभाळ थोडं गडद करते, ढग उठून दिसतात. आमच्या खानदेशातल्या धुळकट आभाळाला ती पुरते. केशरी काच आणखी गडद करते. लाल काच भर दुपारी रात्र करून टाकते. लोक त्या आभाळावर भाळतात. पण तीच काच लाल ओठ पांढरे करते, शेंदूर पांढरा करते, आणि सावळ्या कपाळावरचं लाल कुंकू कातडीच्या रंगात विरघळवून टाकते. हिरव्या टिकलीला उलट आणखी काळी करते. परदेशी पुस्तकात डोंगर आणि ढग यांच्यासाठी लाल काच लावा असं लिहिलेलं असतं. तिकडच्या बायका कुंकू लावत नाहीत, त्यामुळे ही अडचण त्यात लिहिलेली नसते.

प्रभाकरभाऊंना हे पटलं. पण त्यांच्या पटण्याने काय होणार होतं? मी माझी लाल काच खिशात टाकली, कॅमेरा आणि बाकीच्या काचांची पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर पाचोऱ्याची गाडी धरली.

नाना अंगणात बाजेवर पडले होते. दुखत असतानाही मला बघून हसले. "बठ्ठं खानदान गोरं करी टाकं तुम्हीन," फोटोतल्या सगळ्या घराच्या रंगावरून म्हणाले. अक्का आत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी बोललेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही शहरातली माणसं, काचेचे खेळ करता, मला समजवायला माझ्या पोरानेच तुम्हाला आणलं असेल.  मी आरसा मागितला, लाल काच त्यांच्या हातात दिली आणि डोळ्याला लावून आरशात बघा म्हटलं.

त्यांनी बघितलं. काच काढली. परत लावली, परत काढली. काचेतून कुंकू नाही, काच काढली की आहे. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मग त्या उठल्या, अंगणात आल्या आणि काचेतून निंबाखालच्या मारुतीकडे बघत उभ्या राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि प्रभाकरभाऊ तर माझ्याकडे बघतही नव्हते.

"देवना बी शेंदूर गया," अक्का सावकाश म्हणाल्या. "देव तं तठेच शे." देव होता तिथेच होता.

मग नानांकडे न बघताच त्यांनी सुनेला मुंबईसाठी दशम्या करायला सांगितलं.

निघण्याआधी दुसरा फोटो काढा म्हणाल्या. मी हिरवी काच लावली. तिच्यामुळे केळीची पानं उजळ येतात आणि लाल रंग काळाकुट्ट. प्रिंट बघून प्रभाकरभाऊ कुरकुरले, आभाळात काही दम नाही आणि सगळे उन्हात रापल्यासारखे आलेत. कुंकू मात्र पुढे ओसरीवर टांगलेला तो फोटो अंगणातून पाहिला तरी दिसत होतं. लाल काच अक्कांनी त्या दिवशी परत दिली नाही, आणि मागायचा मला धीर झाला नाही.

दिवाळीच्या सुमारास अक्का आणि नाना जोडीने स्टुडिओत आले. नाना वाळले होते, पण स्वतःच्या पायांनी पायरी चढले.  अक्कांनी पदराची गाठ सोडून काच काउंटरवर ठेवली. लेन्सवर फिरवून बसवायचे तिचे आटे कुंकवाच्या पिंजरीने भरले होते. मी विचारलं, एवढे दिवस काय केलंत हिचं?

नाना मुंबईला होते तितके दिवस त्या रोज सकाळी कुंकू लावून काचेतून आरशात बघत होत्या.

"रोज गयं," त्या म्हणाल्या, "आन रोज ऊनं." गेलेलं कुंकू रोज परत आलं होतं.

त्या काचेच्या आट्यांत अजून थोडी पिंजर आहे. मी ती साफ केलेली नाही. काच कामाला काढली की बोट लाल होतं, म्हणून ती कमीच काढतो. नवीन पोरं दुकानात येतात आणि कोणता फिल्टर घेऊ विचारतात. मी सांगतो, कुठलाही घ्या, पण लेन्सला लावायच्या आधी स्वतःच्या डोळ्याला लावा. आणि समोर माणसं असतील तर आधी कपाळ बघा, मग आभाळ.