बारावा पुतळा

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. आमच्या हिच्याजवळही नाही, आणि तिला वाटतं माझं तिच्यापासून काही लपत नाही. तुम्हाला का लिहितो आहे? कदाचित तुम्ही प्रभाकरला ओळखत नाही म्हणून.

वय चौपन्न. राहायला नंदनवन वस्तीत. नोकरी वाडीच्या एका गोदामात — आलेल्या मालाचं वजन करायचं आणि ते कागदावरच्या आकड्याशी जुळवायचं. एकोणतीस वर्षं तेच करतो. कागदावर बेचाळीस किलो आणि काट्यावर एकेचाळीस सहाशे भरलं, तर मी सही करत नाही. ड्रायव्हर शिव्या देतात. देऊ देत.

आणि एक छंद आहे. सुपरहिरोंच्या सिनेमांतले छोटे पुतळे मी जमवतो, बोटाएवढे, चार ते पाच सेंटिमीटर उंचीचे. दोनशे सत्त्याऐंशी आहेत. ही त्यांना ‘बाहुल्या’ म्हणते आणि कपाटावरची धूळसुद्धा पुसत नाही. तिचं चुकतं असं नाही. या वयाला ते शोभत नाही, हे मलाही कळतं.

आम्ही पाच जण आहोत असे. रविवारी सकाळी प्रभाकरकडे जमतो. तो माझा शाळेपासूनचा मित्र. कोणीही नवीन पुतळा आणला की तो आधी माझ्या हातात येतो. पुतळ्याच्या तळव्याखालचा कंपनीचा ठसा बघायचा, सोनाराकडे असतो तशा बारक्या काट्यावर वजन करायचं, आणि ओल्या कापसाने पुसून बघायचं — नकली हलका भरतो आणि त्याचा रंग सुटतो. मग मी वहीत लिहितो, असली की नकली. त्यावर कोणी वाद घालत नाही. मी कधी कोणाचं मन राखायला आकडा बदलला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर...

थांबा. क्रमाने सांगतो.

चार वर्षांपूर्वी प्रभाकरचा पन्नासावा वाढदिवस होता. त्याची बायको शीला — आमच्या शीलावहिनी — तिने त्याला एक पुतळा दिला. वहिनींचं माहेर भिवापूरचं. दरवर्षी तिथून मिरची यायची, आणि त्यांच्या घरी गेलं की जिन्यातच तिखटाचा ठसका लागायचा. वहिनींना या पुतळ्यांतलं काही कळत नव्हतं. सीताबर्डीवर एका दुकानात जुना माल काढून टाकत होते, तिथे त्यांना तो दिसला. एक गुडघा जमिनीला टेकलेला, पाठीवर लाल केप.

“दुकानदार म्हणे असली हाय,” त्या म्हणाल्या. “मले काय समजते बाप्पा. तुम्हीच सांगा, भाऊजी.”

बारा पुतळ्यांचा संच असतो तो. माझ्याकडे अकरा होते. बाराव्याची जागा कपाटात नऊ वर्षं रिकामी होती — आणि तो प्रभाकरच्या बायकोने न शोधता आणला होता. नवऱ्याला आवडेल म्हणून. माझ्यासाठी असं कोणी... पण ते जाऊ द्या. त्याने काही हलकं होत नाही.

ठसा बरोबर होता. वजन भरलं अकरा ग्रॅम चार. असलीचं जेवढं असतं तेवढंच, दशांशासकट. मग मी कापूस फिरवला, आणि कापूस लाल झाला.

मला त्या क्षणी बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

त्याच हाताने मी डोळा चोळला, आणि डोळा असा झोंबला की पाणी आलं. रंगाने डोळा झोंबतो का? कापूस नाकाशी नेला. तिखट होतं. भिवापूरचं, वहिनींच्या स्वयंपाकघरातलं. बाकीचे केक खात होते. कापूस फक्त मी पाहिला होता. मी तो दुमडला आणि शर्टाच्या खिशात घातला.

“रंग सुटतो,” मी म्हणालो.

दोन शब्द. एवढंच. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून एक जण ओरडला, “अरे, नकली पाहून रडून राहिला हा!” सगळे हसले. वहिनीही हसल्या. मग म्हणाल्या, “हाव का, भाऊजी?” आणि त्यांचा चेहरा... नाही, तो मला लिहिता येणार नाही.

त्या तो पुतळा केराच्या डब्यात टाकायला निघाल्या. मी म्हटलं, द्या इकडे, नमुना म्हणून ठेवतो, नवीन माणसांना नकली कसा असतो ते दाखवायला. वहिनींनी तो दिला. घरी येऊन मी तो बाराव्या जागेवर ठेवला.

प्रभाकरचा स्वभाव थट्टेखोर. पुढे कोणी आलं की तो म्हणायचा, “बायको असली भेटली गा मले, पण माल नकली आणते!” माझ्यादेखत अकरा वेळा म्हणाला. वहिनी पहिल्या दोन वेळा हसल्या. त्यानंतर त्यांनी त्याच्यासाठी काही आणलेलं मला आठवत नाही. “नाही बाप्पा, मले नाही समजत,” म्हणायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. अकरा वेळा मी तिथे बसलेलो होतो. तोंड उघडायला मला काय लागत होतं?

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. दुखणं कळलं तेव्हापासून चार महिन्यांत. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी प्रभाकर मला म्हणाला, “तो नकलीवाला तुह्यापाशीच हाय ना गा? देऊन दे मले. नकली तर नकली, तिनं आणला होता.” मग म्हणाला, “दवाखान्यात सांगत होती, आठ दिवस तिखटाच्या बरणीत लपवला होता म्हणे. मी घरभर हुडकतो, पण तिखटात हात घालत नाही!” आणि हसता हसता रडायला लागला.

मी वाट पाहत उभा होतो. तिखटाची बरणी आणि ‘रंग सुटतो’, एवढं जोडायला कितीसा वेळ लागतो? त्याने जोडलं नाही. सांगणारा मी होतो ना.

“आणतो,” मी म्हटलं.

आठ दिवस घेतले. खोक्यात तळाशी असेल, शोधतो, असं सांगितलं. त्या आठ दिवसांत मी तसाच दुसरा मिळवला, नकली. वजन नऊ ग्रॅम एक. तो त्याला नेऊन दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

का, असं तुम्ही विचाराल. त्या वेळी माझ्याजवळ कारणं होती. ती इथे लिहीत नाही. वहीत प्रभाकरच्या नावापुढे ‘नकली’ अशी नोंद आहे, माझ्याच अक्षरात. ती नोंद मी अशी खरी केली.

वहिनींच्या फोटोसमोर तो पुतळा उभा असतो. प्रभाकर रोज पुसतो. मागच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. त्याने तो उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला.

“वास गेला गा सारा,” म्हणाला. “आठ दिवस तिखटात होता, काहीच नाही राहिलं.”

“चार वर्षं झाली ना,” मी म्हटलं.

घरी आलो. कपाट उघडलं. बारावा आपल्या जागेवर होता, गुडघा टेकून. मी त्याला त्या दिवसानंतर कधी पुसलेलं नाही. केपेच्या घडीत तिखट असेल तरी दिसत नाही, लालावर लाल. मी तो नाकाशी नेला.

वास आहे अजून.

मी कपाट लावून घेतलं.