देवरामदादांची अंधाराची वही

देवरामदादा माझ्या नियमामुळे गेले.

साप चावून गेले असं सगळे म्हणतात. कागदावरही तेच आहे. आज वर्ष झालं, म्हणून खरं काय ते लिहितेय.

मी संगमनेरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. आकाश किती काळं आहे ते सांगणारा एक छोटा मीटर असतो. वर धरायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा जेवढा मोठा, तेवढा अंधार जास्त.

हायमास्ट दिव्यांच्या कृपेने हा आकडा सगळीकडे घसरत चाललाय. अकोले तालुक्यात, अभयारण्यातल्या एका वाडीच्या वरच्या कातळावर मात्र तो शाबूत होता.

तिथे दर अमावस्येला जाणार कोण?

दादा म्हणाले, "म्या हाय की."

दादा त्याच वाडीतले. दोन म्हशी, थोडी भातशेती आणि जमेल तेव्हा जंगलखात्याची रोजंदारी. मीटर हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा बघितला.

"डेअरीत दुधाचं फॅट लावत्यात, तसं तुमी अंधाराचं फॅट लावताय व्हय?"

"हो दादा, तसंच."

"आन् ह्याचा पगार भेटतो तुमाला?"

स्वतःच हसत सुटले. मलाही हसू आवरेना.

मग दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. रेंज येते त्या एकाच खडकावर उभं राहून.

"म्याडम, फॅट लई भारी लागलं!"

नियम मी दिले होते. वहीच्या पहिल्या पानावर, माझ्या अक्षरात.

बॅटरीला लाल कागद लावायचा.
शेवटच्या घरापासून पुढे बॅटरी बंद. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची.
पाच रीडिंग घ्यायची.
काही वेगळं घडलं तर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं.

लाल कागदावरही त्यांची टिंगल चालायची. "ह्या उजेडात बायकू बी वळखू येत न्हाई, म्याडम."

पण नियम कधी मोडला नाही. एकदाही नाही.

गेल्या वर्षी कार्तिकातल्या अमावस्येनंतर सकाळी फोन आला. खडकावरूनच. पण दादांचा नव्हता. वाडीतल्या कुणीतरी केला होता.

मण्यार चावते तेव्हा फारसं दुखत नाही म्हणे. दादा घरी आले, जेवले, झोपले. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. जीप मिळेपर्यंत उजाडलं. घाट उतरेपर्यंत दादा राहिले नाहीत.

हिरावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एवढंच सांगितलं, "बॅटरी खिशातच हुती. चालत बी हुती चांगली."

आणि वही दिली.

शेवटच्या पानावर पाचही रीडिंग होती. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं:

आकाश साफ. उजव्या पायाला काटा लागला.

काटा.

सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मीटरला डोळ्यांच्या सवयीची गरजच नसते. फक्त बटण दाबताना जवळ उजेड नको. बॅटरी बंद ठेवायचा नियम मी मुलांना गच्चीवर नुसत्या डोळ्यांनी तारे मोजायला शिकवताना लावायचे, तोच विचार न करता वहीत उतरवला.

गच्चीवर साप नसतात.

चार महिन्यांनी वहिनी एसटीने संगमनेरला आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ग्रामपंचायतीत दिवा मागितला, कातळाच्या वाटंवर. बाया झऱ्याला तिथूनच जात्यात. तर म्हनले, म्याडमच्या रिपोर्टात लिवलंय, हितं दिवा लावायचा न्हाई. तुमच्या कागदानं दिवा आडलाय."

रिपोर्ट माझाच होता. दादांच्या आकड्यांवर उभा केलेला. तो कातळ अंधारा राहावा म्हणून मी किती ऑफिसांचे उंबरठे झिजवले होते, ते माझं मला माहीत.

तो रिपोर्ट लिहिला त्याच टेबलाशी बसून पत्र लिहिलं. या ठिकाणी दिवा लावण्यास माझी हरकत नाही.

दिव्याला वरून झाकण असावं, उजेड फक्त खाली पडावा, एवढं तरी सुचवता आलं असतं. पेन थांबलंसुद्धा. पण वहिनींसमोर ते लिहायचं तोंड मला नव्हतं.

वहिनींनी पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली. दारात थांबल्या. "त्यांनला लई आवडायचं वो ते काम," म्हणाल्या आणि गेल्या.

आज वाडीवर आलेय. दिवा लागलाय. वाटभर पांढराफक्क उजेड आहे. आकाशगंगा दिसत नाही.

लाल कागद न लावता चालत गेले. कातळावर पाच रीडिंग घेतली. दादा, फॅट पार उतरलंय. निम्मं पाणी आहे.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या अंधारावर माझाही जीव होता.

परत उतरताना दोन बाया हंडे घेऊन वर येताना दिसल्या. गप्पा मारत, दमादमाने, खाली बघत.

तुमच्याच वहीत, तुमच्या पानाखाली आजची तारीख टाकली. आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

पायाखालचं दिसतंय.

दादा, तुमच्या आठवणीपुढे मान खाली घालून उभी आहे. जमलं तर माफ करा.