आबांनी दिलेला एक महिना

बडनेऱ्याच्या आमच्या बालवाडीत अठरा पोरं आणि आम्ही दोघी, मी नि नंदाताई. संध्याकाळी घरी जाऊन "आज काय झालं माहीत आहे का" म्हटलं, की माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. एवढे किस्से ऐकून झालेत बिचाऱ्याचे. म्हणून आता तुम्ही ऐका.

*

आमच्याकडे वह्या नाहीत. माती, पाणी, गोटे, करवंट्या, खडू, एवढंच सामान. गौरीच्या आबांना हे पटेना. आबांचा भाजीचा मळा आणि बाजारात भाजीचं दुकान. चार वर्षांची गौरी त्यांची एकुलती नात. एक दिवस तिचा चिखलाने भरलेला फ्रॉक माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, तुमी शिकवून राहिल्या का खेळवून राहिल्या? एक महिना पाहातो. नाही त इचं नाव काढून कॉन्व्हेंटात टाकतो."

मीही तिखट. "बघा खुशाल," म्हटलं. ते गेल्यावर मात्र कॅलेंडरवर महिन्याचे दिवस मोजले. गौरी गेली तर वर्गातला निम्मा जीव जाणार, हे मला ठाऊक होतं.

*

त्याच आठवड्यात पोरांनी सकाळी अंगणात सावल्या खडूने आखल्या. एकमेकांच्या, झाडाची, खांबाची. खाऊ खाऊन परत त्याच जागी उभी राहिली, तर सावल्या रेघेबाहेर! अर्णवने गौरीवर आळ घेतला. "इनंच सरकवली." भांडण पेटलं. मी मिटवायला निघाले, तर नंदाताईने माझा पदर धरला. "थांबा ना जरा. बोलू नका."

गौरी झाडापाशी गेली. त्याचीही सावली सरकलेली. खांबाची पण. मग तिने मान वर केली, डोळे बारीक केले.

"चोर वर हाय," म्हणाली.

इतकी वर्षं मी पोरांना सूर्य शिकवतेय, पण तो असा सापडताना पहिल्यांदाच पाहिला.

*

अर्णवचंही ऐका. बोटांत जोर यावा म्हणून आम्ही संत्रं पोरांनाच सोलायला देतो, चौघांत एक. त्याच्या संत्र्यात दहा फोडी निघाल्या. दोन-दोन वाटल्या, दोन उरल्या. आता हा काय करतो, म्हणून मी टक लावून बसले.

"ह्या सोलणाऱ्याच्या," म्हणाला आणि तोंडात टाकल्या.

भागाकार झाला, बाकी उरली, बाकीचा निकालही लागला. वय वर्षे चार.

*

आता माझी चूक. डब्यांत मुळ्याचं बी लावलं होतं. एकदा पाहते तर गौरी आपल्या डब्यातली रोपं उपटतेय. मी खेकसलेच, "काहून उपटतेस गं?" तिने हात मागे घेतले. डब्यात एकच रोप उरलं होतं.

तीन आठवड्यांनी बाकीच्या डब्यांत नुसती पानं आणि तिच्या डब्यात बोटाएवढा मुळा. विचारलं तर म्हणाली, "त्यायले बसाले जागा नोती."

मी तिची माफी मागितली. खरंच मागितली, सगळ्यांसमोर.

*

महिना भरला. शनिवारी आबा आले, हातात नाव काढायचा अर्ज.

खिडकीजवळ गौरीने हँगरला दोन करवंट्या टांगून तराजू केला होता. अर्णवला गोटे टाकायची घाई, पण ती टाकू देईना. कारण तराजू रिकामाच एका बाजूला कलत होता. वर गेलेल्या करवंटीच्या बुडाला तिने ओल्या मातीचा गोळा चिकटवला. थोडा काढला. परत चिमूटभर लावला. तराजू सरळ झाला. मग अर्णवला म्हणाली, "आता टाक."

आबा दारातच थबकले. "हा त पासंग झाला. इले कोणं शिकवला?"

"कोणीच नाही," नंदाताई म्हणाली. "तुमच्या दुकानात पाहिला असेल."

"दुकानात कुठून? इच्या जन्माआधीपासून लाइटचा काटा हाय. पासंग माह्या बापाच्या तराजूले होता."

ते गौरीपाशी खाली बसले. करवंटी बोटाने हलवली आणि ती पुन्हा सरळ होईपर्यंत पाहत राहिले. मी अर्ज घ्यायला हात पुढे केला. त्यांनी त्याच्या चार घड्या करून तो खिशात घातला.

"बाई," ते म्हणाले, "सोमवारपासून इले अर्धा तास आधी आणलं त चालन का?"