आधी बाबांनी बघायचा सिनेमा

पॉपकॉर्नचा वास आला की मला झाशीतली रविवारची एक दुपार आठवते. नोकरीसाठी मी तिथे एकटाच राहत होतो. बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा नाशकात. मुलाला एक मारधाडीचा सिनेमा बघायचा होता, जग उद्ध्वस्त झाल्यानंतरचा. "आधी बाबा बघतील, मग ठरवू," असं बायकोने त्याला सांगितलं होतं. म्हणून खंडेराव गेटहून रिक्षा करून मी थिएटरवर गेलो. तिकीटवाल्याने विचारलं, "अकेले ही हैं, भाईसाहब?" आत बहुतेक खुर्च्या रिकाम्याच होत्या. पडद्यावर पूल कोसळत होते, गोळ्या सुटत होत्या आणि मी परीक्षकासारखा बघत होतो, रक्त किती, शिव्या किती. मध्येच एक शांत प्रसंग आला. ओसाड शहरातल्या एका खोलीत नायक उभ्याउभ्याच पत्र्याच्या डब्यातून थंड अन्न खात होता. त्यात मला काहीच खटकलं नाही. बाहेर येऊन मी बायकोला फोन केला, "बघू दे त्याला, घाबरण्यासारखं काही नाही." पुढच्या रविवारी संध्याकाळी, सिनेमा बघून आल्यावर, मुलाचा फोन आला. मारामारीबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही तिकडे कुठे बसून जेवता?" मी ओट्याशी उभा होतो, हातात मेसचा उघडा डबा. "टेबलावर," मी म्हणालो. घरात टेबल नव्हतं. आता तो कमावता झालाय, पण तो सिनेमा त्याच्या त्या वयाला योग्य होता का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.